दादाच्या घरचे

१२ नोव्हेंबर, बुधवार

कल्याणला समोरच्या बिऱ्हाडात टीव्ही होता, आमच्याकडे नव्हता. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की दादा आणि मी त्यांच्या खिडकीबाहेर उभे राहायचो. मी बुटकी. दादा आमची बादली पालथी घालून मला वर उभं करायचा आणि पडू नये म्हणून मागून फ्रॉक धरून ठेवायचा. त्याला स्वतःला निम्मा पडदाही दिसत नसे. सिनेमा संपला की विचारायचा, "काय झालं गं? भेटले का ते?"

रविवारी दादा गेला. माझं सुतक काल फिटलं. लग्न झालेल्या बहिणीला तीनच दिवस.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सान्वीने संध्याकाळी टॅब आणून माझ्या मांडीवर ठेवला. "आजी, बघूया का आपलं? नको असेल तर राहू दे."

आपलं म्हणजे आमच्या मालिका – थायलंड, तैवान, जपान, कोरियाच्या. दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात, त्या. कॉलेजसाठी नात आमच्याकडे राहायला आली आणि मला ही सवय लागली. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती मी सान्वीच्या आधी वाचते. शाळेत सिस्टर फिलोमिनांनी इंग्रजी घोटून घेतलं, ते या कामासाठी असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

हे म्हणाले, "आत्ताच? दादा जाऊन आठवडा नाही झाला."

मी लावली. दुसरं काय करणार होते? बसून भिंतीकडेच बघत होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थायलंडच्या मालिकांत सगळे इंजिनिअरिंगला असतात आणि कोणी अभ्यास करत नाही. घरं मोठाली, आया भलत्याच समजूतदार. कोरियाच्या मालिका देखण्या, पण निम्मा वेळ नुसतं बघण्यात जातो. हे बाहेरून म्हणतात, "ती पोरं सारखी बघतच बसतात. बोलत का नाहीत?" जपानच्या मला आवडतात. एका मालिकेत छत्र्या दुरुस्त करणारा आणि एक पोस्टमन आहे. किती भाग झाले, काही घडत नव्हतं. मग एकदा छत्रीवाल्याने पोस्टमनच्या बाहीचा लोंबणारा धागा दाताने तोडला. एवढंच. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

माझी तक्रार एकच. सगळ्या गोष्टी विशीत संपतात. हात हातात आला की समाप्त. पुढे पासष्टीला कोणाच्या गोळ्यांचा डबा कोण भरतं, ते कोणी दाखवत नाही.

मी पाहिलंय ते. कोपरीला, दादाच्या घरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुदेशबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करू? तो दादाच्या घरी राहायला आला तेव्हा माझी रुचिता पाळण्यात होती. आता रुचिताची मुलगी कॉलेजात आहे. इतकी वर्षं आमच्याकडे सगळे त्याला दादाचा पेइंग गेस्ट म्हणतात. आई गेली तेव्हा हा पेइंग गेस्ट तिच्या उशाशी बसून होता. आम्हाला काही कळत नव्हतं असं नाही. बोलायची पद्धत नव्हती.

मागच्या वर्षी दादाला फोनवर या मालिकांबद्दल सांगितलं. वाटलं हसेल. तो म्हणाला, "शेवटी भेटतात का गं ते?"

"भेटतात. गोड शेवट असतो."

"मग बघत जा." मागून सुदेशचा आवाज आला – "हरी, कुकर बंद करतोस का?"

१७ नोव्हेंबर, सोमवार

कोपरीला जाऊन आले. तेराव्याची तयारी. दिवस सलिल करतोय. दादाहून मोठ्या, आधीच गेलेल्या भावाचा मुलगा, अग्नी त्यानेच दिला. मुलगा वाईट नाही. धावपळ करतो, सगळ्यांची जेवणं बघतो. मला जवळ घेऊन म्हणाला, "आत्या, माहेर संपलं असं मनात आणू नकोस. मी आहे ना."

सुदेश दारात उभा होता. त्याने विचारलं, "सलिल, मी काय करू तेराव्याला?"

"काका, तुम्ही खुर्च्या आणि पाणी तेवढं बघा. बाकीचं आम्ही घरचे आहोत."

सुदेश "बरं" म्हणाला. त्याचंच घर ते. कोणती खुर्ची डुगडुगते हे त्यालाच माहीत.

निघताना त्याने हळूच विचारलं, "ताई, भाऊबीजेची साडी नेसलात का? जांभळी जरा गडद झाली का?"

मी विचारलं, "तुला कसा माहीत तिचा रंग?" म्हणाला, "हरीला रंग कुठे कळायचे! खोपटला दुकानात तो बाकावर बसून राहायचा. म्हणायचा, तूच बघ, सरूला काय शोभेल ते."

म्हणजे इतक्या भाऊबीजा! शेवाळी, ती डाळिंबी, रुचिताच्या लग्नात नेसलेली मोरपंखी. सगळ्या मैत्रिणींना कौतुकाने सांगत आले, माझ्या भावाची नजर बघा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तैवानच्या मालिकेचा शेवटून दुसरा भाग. चहाचं दुकान चालवणारे दोघं. एक जातो. अंत्यविधीला घरचे सगळे पुढे, दुसरा मागे चहाच्या किटलीशी. त्यांच्यात जवळच्या माणसाच्या बाहीवर जाड्याभरड्या कापडाचा तुकडा लावतात, त्यावरून कळतं दुःख कोणाचं आहे ते. गेलेल्याची बहीण सगळ्यांतून वाट काढत मागे येते आणि याच्या बाहीला तुकडा लावते.

सान्वी नाक पुसत म्हणाली, "आजी, आपल्यात असतं का असं काही?"

असतं की. दुखवटा. तेराव्याला दुःखातल्या माणसाला पाटावर बसवतात, गंध लावतात, नवं उपरणं घालतात. म्हणजे आता ऊठ, लोकांत ये. सलिलसाठी त्याच्या सासरचे आणणार आहेत, मीही आणणार आहे. आणि ज्याचं घर रिकामं झालं तो पाणी वाढणार आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाजारात गेले. दोन उपरणी, दोन शर्टपीस घेतले. ह्यांनी विचारलं, "दोन कशाला?" सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "सलिल दुखावेल. तुझं माहेर म्हणून तेवढंच उरलंय."

खरं आहे ते. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. आईच्या वेळी मामा आंबिवलीहून घेऊन आला होता. माझी साडी दादा आणणार होता. आता सलिल आणेल असं सगळे धरून चालले आहेत. मीही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पिशवी भरली. दुसरा जोड बाहेर काढला. पुन्हा आत ठेवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी विधी आटोपले. सलिल पाटावर बसला. त्याच्या सासऱ्यांनी गंध लावलं, उपरणं घातलं. मग आम्ही. गुरुजी पाट उचलायला लागले.

मी म्हटलं, "राहू द्या. अजून एक आहेत."

सुदेश पाण्याचा जग घेऊन पंगतीच्या टोकाला होता. हाक मारली. त्याला वाटलं मला पाणी हवंय, पेला भरून घेऊन आला.

"बस," मी म्हटलं.

"ताई, माझे हात ओले आहेत."

"असू देत."

सलिल जवळ आला, आवाज खाली ठेवून म्हणाला, "आत्या, काय करतेस? हे घरच्यांचं असतं."

"म्हणूनच."

"लोक बघतायत. सासरची माणसं आहेत माझी."

"बघू देत. जेवायला बोलावलंयस त्यांना, डोळे मिटून जेवा म्हणून नाही."

त्याच्या सासूबाई खालमानेने हसल्या. सलिल नाही हसला. गुरुजींनी सरळ विचारलं, "हे कोण गेलेल्यांचे?"

पेइंग गेस्ट हा शब्द तिथे कितीतरी जणांच्या तोंडात तयार होता. मी म्हटलं, "दादाच्या घरचे."

गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुदेशकडे. मग गंधाची वाटी माझ्या हातात दिली.

सुदेशला गुडघ्यांमुळे खाली बसता येईना. पाटाशी नुसता वाकून उभा राहिला. तेव्हा हे उठले. बाहेरून 'बोलत का नाहीत' म्हणणारे माझे हे. त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला बसवलं आणि तसेच मागे उभे राहिले, तो कलंडू नये म्हणून त्याचा सदरा मुठीत धरून.

मी गंध लावलं. उपरणं खांद्यावर घातलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरलं आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडला. आवाज करून. सान्वीने जग उचलला आणि पाणी वाढायला लागली.

सलिल मला स्टेशनवर सोडायला आला नाही. दर वेळी येतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रकृती ठीक आहे. तरी लिहून ठेवते, रुचितासाठी.

टॅब सान्वीला. छत्रीवाल्याची मालिका तिने पळवत पळवत बघितली आहे, पुन्हा सावकाश बघावी. आईची समई सलिलला, तो रागात असला तरी. माझी इंग्रजी पुस्तकं ह्यांना नकोत, शाळेला द्या.

माझ्या अंगावर घालायची माहेरची साडी सुदेश आणेल. त्याला फोन करायचा आणि तो येईपर्यंत थांबायचं. रंग सांगू नका.

तो माझ्याआधी गेला, तर वरच्या कप्प्यात जांभळी आहे, भाऊबीजेची. घडी मोडलेली नाही, मोडणारही नाही. ती घाला. दुसऱ्या कोणाची नको.