चौथी हाक

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

शहाणे,

'प्रिय' लिहायला तू बंदी घातली आहेस, म्हणून नुसतं शहाणे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडून बोटं बधिर होतात, आणि कॉलेजात होतो तेव्हा तरी ती कुठे धड चालत होती? इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. बाबा माझ्याशी अजून मोजकंच बोलतात, म्हणजे बोलतात तरी. तुझ्या आजीचं खाली लिहितो.

आधी गाण्याचं. स्मारकाच्या दगडावर गाण्याखाली 'अज्ञात कवी' लिहिलंय ते तुला बघवत नाही, या वर्षी तिथे खरं नाव कोरायचं आणि ते मी शोधून द्यायचं, असं तू फर्मावलंस. तुझ्या आजोबांना घेऊन बुडालेल्या बोटीवरचं गाणं. दरवर्षी तू ते तिथे म्हणतेस आणि आजी पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकते. तू समुद्र उपसायला सांगितलं असतंस तरी मी बादली घेऊन निघालो असतो. हे तर नुसतं नाव.

ग्रंथालयात युद्धाच्या काळातली वर्तमानपत्रं चाळली. सगळीकडे दगडावरचंच वाक्य, शत्रूच्या हल्ल्यात, दूर खोल समुद्रात. मग एका निवृत्त पायलटकाकांना गाठलं. विमानाचे नव्हेत, बंदरात बोटी आत आणणारे. त्यांना ती ओळ म्हणून दाखवली, 'तीन हाका लांब दिल्या, चौथी गेली विरून', आणि विचारलं, ही कवीची कल्पना असेल ना? ते हसायला लागले. म्हणाले, कल्पना कसली, तीन लांब शिट्ट्या आणि एक आखूड म्हणजे आम्ही बंदराच्या तोंडाशी आलोय, दिवा दाखवा. तेव्हा आपल्याकडे तसा संकेतच होता. मी म्हटलं, पण बोट तर खोल समुद्रात बुडाली. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कॉलेज का सोडलं ते त्यांना न सांगता कळलं असावं.

बोट दीपगृहाखालच्या खडकामागे पडलेली आहे. काकांनी नोकरीभर इतर बोटी तिला वळसा घालून आणल्या. हल्ला वगैरे झालाच नव्हता. शत्रूच्या विमानांच्या धास्तीने बंदर अंधारात ठेवायचा हुकूम होता, दीपगृहसुद्धा. बोट ठरल्या दिवसाच्या आधी आली आणि काळोखात खडकावर चढली. सरकारने हल्ला म्हणून छापलं. ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसले.

म्हणजे गाणं करणाऱ्याने त्या शिट्ट्या जमिनीवरून ऐकल्या होत्या.

तेव्हा दीपगृहावर कोण होतं हे तुला माहीत नाही. मला माहीत होतं. माझे आजोबा.

जेवताना बाबांना विचारलं. त्यांचा घास हातातच राहिला. स्मारक बांधलं तेव्हा बाबा लहान होते. समितीकडे निनावी आलेलं ते गाणं तिथे पहिल्यांदा म्हटलं गेलं, आणि बाबा भर गर्दीत बोलून गेले की हे तर आमच्या घरचं गाणं, दिव्याची काच पुसताना म्हणतात ते. आजोबांनी त्यांच्या थोबाडीत दिली. उभ्या आयुष्यात तेवढीच एकदा. सांगताना बाबांचा हात गालावर गेला. इतके महिने माझ्यावर धुमसणारा माणूस मला एकदम केवढासा दिसला.

तर मिळालं नाव. इथे थांबून तुला कळवायला हवं होतं. पण माझं डोकं तुला माहीत आहे. वाटलं, जिचा नवरा गेला तिला आधी सांगायचं, हाच सरळपणा. तसाच उठलो आणि तुझ्या घरी गेलो.

आजी खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. मी उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगितलं. आजोबांच्या वतीने माफीसुद्धा मागितली, भाषण ठोकल्यासारखी. वाटलं, रडेल, नाहीतर हाकलून देईल. ती सोलतच राहिली. मग म्हणाली,

"शिट्टी मीही ऐकली होती रे. त्यांची बोट शिट्टीवरून ओळखायचे मी."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"पाळण्यात पोर. खिडकीला काळा कागद. हात होता माझा त्या कागदावर. तुझ्या आजोबांना वरून हुकूम तरी होता, मी शेजाऱ्यांना घाबरले."

मी म्हटलं, आजी, एका खिडकीच्या उजेडाने बोट थोडीच वाचली असती. तर म्हणाली, हेच मी साठ वर्षं मला सांगते आहे. आणि मग अगदी हळू,

"चौथी मला ऐकू नाही आली. तोवर मी कान झाकले होते. तुझ्या आजोबांना आली होती वाटतं."

शेंगांचं ताट तिने बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ती अजून तशीच आहे. आजीला ताप आहे असं तुझ्या आईने तुला कळवलं असेल. ताप नाही. स्मारकाला येणार नाही म्हणते. जेवण दोन घास. 'दूर खोल समुद्रात' एवढ्या आडोशावर ती बाई जगत होती, आणि तो आडोसा मी लाथ मारून पाडला. हे मला पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. हात धजला नाही.

दगड कोरणारा नाव मागायला येऊन गेला. सांगितलं नाही. ते सांगणं आता माझ्या हातात नाही, तुझ्याही नाही. आजीला वाटलं तर ती सांगेल. तू शनिवारी येणार होतीस, पत्र मिळताच निघ. मला शिव्या घालायला सवडीने ये, मी कुठे जात नाही. आधी तिच्यापाशी बस. या वर्षी गाणं म्हणायचं की नाही, ते तिला विचारू नकोस, आणि मलाही नको.

तुझी आई कुरकुरत होती, की आजी हल्ली खोलीतला दिवा मालवू देत नाही. राहू द्या म्हणावं.

पत्राखाली 'तुझा' लिहायचं असं किती दिवस मनात घोकत होतो. आज तो शब्द लिहिण्याची माझी प्राज्ञा नाही.

दीपगृहवाल्याचा नातू