शांत खोल्या

३ मार्च

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. मला नोकरी लागली आणि त्याच इमारतीत आत्याला खोलीही मिळाली. पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस, वर सगळं वृद्धनिवास. आईच्या मागे जिने मला वाढवलं ती आत्या आता अक्षरशः माझ्या डोक्यावर राहणार. तिला हे सांगितलं तर म्हणाली, मी कायमच तुझ्या डोक्यावर बसले होते, आता फक्त लिफ्टची सोय झाली.

खोली उजेडाची आहे. पलंग बटणावर वरखाली होतो. आत्याने दुपारभर तो वरखाली करून पाहिला आणि शेवटी राणीसारखी अर्धवट बसती होऊन चहा प्यायली. गुडघ्यांमुळे तिला आधाराशिवाय उठता येत नाही, म्हणून उशाशी बेल आहे. दाराजवळ भिंतीत शाळेच्या पाटीएवढा पांढरा डबा बसवलाय. दिवे, हवा, ऊब, दार, बेल, सगळं त्याच्या ताब्यात. त्या डब्यात जे सॉफ्टवेअर चालतं ते उद्यापासून मी बांधणार.

तिच्या खोलीतल्या खुर्चीत बसूनच हे लिहितेय. ती घोरतेय. मी आज फार सुखात आहे.

५ मार्च

साहेब सज्जन वाटतात. आवाज चढवत नाहीत, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देतात. माझ्या आधीचा माणूस अचानक सोडून गेला म्हणे, त्यामुळे सगळं अर्धवट पडलंय. मी सोर्स कोड घ्यायचा, त्यातून कंटेनर इमेज बिल्ड करायची आणि आमच्या खाजगी रजिस्ट्रीत पुश करायची. खोल्यांमधले डबे तिथून नवी इमेज आपोआप उचलतात.

संध्याकाळी आत्याने विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? मी म्हटलं, समज, जेवणाचा डबा भरते. लागणारं सगळं थरावर थर लावून आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि आपल्याच कोठीत नेऊन ठेवायचं. कोठीची किल्ली फक्त आपल्याकडे. खोल्यांनी तिथून आपापला डबा न्यायचा. ती म्हणाली, सगळ्यात खालचा थर कुणी भरला ते बघून घेत जा. वरचं ताजं आणि खालचं आंबलेलं, असं नको.

तिला यातलं ओ का ठो कळत नाही, पण मुद्दा बरोबर आहे. तळाचा थर म्हणजे बेस इमेज. ती आमच्या रजिस्ट्रीत तयारच पडलीय. तिचा सोर्स मात्र कुठे सापडला नाही. साहेब म्हणाले, ती आहे तशी वापरा, तिला हात लावू नका.

११ मार्च

आज गंमत. साहेबांनी माझा आवाज मागितला! बेल दाबल्यावर डब्यातून एक वाक्य ऐकू येतं, जुनं रेकॉर्डिंग खरखरतं म्हणून नवं हवं होतं. तुमच्या आवाजात माया आहे, म्हणाले. मी म्हणून दिलं: “आलेच हं! दोनच मिनिटं.” बिल्ड केलं, पुश केलं, आणि धावत वर जाऊन आत्याला बेल दाबायला लावली. माझाच आवाज ऐकून ती इतकी हसली की ठसका लागला. सिस्टर बेल ऐकून पळत आली, तीही हसली. एवढ्या मजल्याला ती आणि तिची एक जोडीदारीण, दोघीच आहेत. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत, पण आत्याची वेणी घालायला ती वेळ काढते.

शेजारच्या खोलीत एक निवृत्त मास्तर आहेत. आत्याचं आणि त्यांचं भिंतीतून भांडण चालतं. ते ठोकतात, ही ठोकते. विषय काय, दोघांनाही माहीत नसावा.

२६ मार्च

मास्तर गेले.

सकाळी चहा घेऊन गेलेल्या सिस्टरला ते न्हाणीच्या उंबऱ्यावर पालथे सापडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच काळ जिवंत असावेत. सिस्टर रडत होती. पुन्हा पुन्हा सांगत होती की काल त्यांची बेल एकदाही वाजली नाही, वाजली असती तर मी गेले नसते का.

मी आत्याजवळ जाऊन बसले तेव्हा तिने माझ्यावर अशी नजर रोखली, जशी मी लहानपणी खोटं बोलल्यावर रोखायची.

“काल रात्री जेवणं झाल्यापासून तो बेल दाबत होता. आणि तू दर वेळी म्हणत होतीस, आलेच हं. मग गेली का नाहीस?”

२७ मार्च

तळाचा थर उघडला.

इमेजचे थर सुटे करता येतात, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. बेस इमेजमध्ये एक छोटा प्रोग्रॅम आहे. एखादी खोली वारंवार बेल वाजवू लागली की तो तिला ‘शांत खोली’ ठरवतो. मग त्या खोलीची बेल सिस्टरांच्या खोलीत वाजतच नाही. आत मात्र उत्तर मिळत राहतं. माझ्या आवाजात. आणि दाराचं आतलं बटण बंद होतं, म्हणजे म्हातारं माणूस हाका मारत बाहेर येऊ नये. बाहेरून दार उघडतं. चहा येतो, जेवण येतं. मधल्या वेळात कुणी नाही.

मास्तर आठवडाभर शांत खोलीत होते. आणखीही आहेत. किती, ते मी पाहिलं. लिहिणार नाही.

२८ मार्च

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, काही जण निव्वळ एकटेपणापायी बेल वाजवतात, उशी सरळ करा, पडदा ओढा, नुसतं बसा. दोन बायकांनी कुठे कुठे पुरं पडायचं? माणसाला मदत लागत नाही, मदत येतेय एवढं कळलं की पुरतं. मास्तर? ब्याऐंशी वर्षांचे होते.

मग मला पाणी दिलं.

३० मार्च

आज सगळं मुळापासून बांधलं. तळाचा तो थर फेकून दिला, त्याच्या जागी स्वतः कोड लिहून स्वच्छ थर बिल्ड केला. कुणाला न विचारता पुश केलं. डब्यांनी नवी इमेज उचलली.

आणि बेल वाजायला लागल्या. एक, मग दुसरी, मग सगळ्याच. महिनोन् महिने तुंबलेल्या हाका. मी जिन्यात उभी होते, कान फाटत होते आणि मला रडू फुटत होतं आनंदाने. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी सिस्टरचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि सोडेचनात. इकडे ही ओढतेय, तिकडे पलीकडची बेल, वर तिसरी. जोडीदारीण दुपारी चक्कर येऊन पडली. सिस्टर कॉरिडॉरमध्ये मटकन खाली बसली, कानांवर हात घेऊन. मला बघून म्हणाली, ताई, तुमच्या पाया पडते, पहिल्यासारखं करा. मला सुद्धा जीव आहे हो.

तिला ठाऊक होतं. मास्तरांसाठी रडलेली ती, तिलाही—

३१ मार्च

जुनी इमेज परत लावली. मीच. साहेबांनी एवढंच विचारलं, की नोकरी गेली तर आत्याला कुठे ठेवाल?

पण आत्याच्या खोलीसाठी, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवावी तसा, वेगळा टॅग केला. तिच्या डब्याला तेवढी माझी स्वच्छ इमेज मिळते. तिची बेल वाजेल. बाकीच्यांचं—

बाकीचे माझे कोण लागतात?

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

९ एप्रिल

रोज बिल्ड, रोज पुश. हाताला सवय झाली. कोपऱ्यातल्या आजी परवा गेल्या. मी जेवले. भात जरा कच्चा राहिला होता, हे लक्षात आलं. त्या गेल्याचं लक्षात यायला संध्याकाळ झाली.

आत्या मजेत. आपली बेल दाबली की माणूस येतं हे तिला कळलंय, म्हणून ऊठसूट दाबते. सिस्टर आता तिची वेणी घालत नाही.

१२ एप्रिल

सिस्टरने मला जिन्यात गाठलं. सबंध मजल्यावर एकच खोली वाजते, असं कसं, म्हणाली. बाकीची म्हातारी माणसं काय रस्त्यावर सापडली? तुझं काम कमी झालंय ना, गप्प बस, असं मी म्हटलं. मी. असं म्हटलं.

ती साहेबांकडे गेली, हे काचेतून दिसलं.

१४ एप्रिल

रजिस्ट्रीत शिरता येत नाही. पासवर्ड चालत नाही. साहेब म्हणाले, साफसफाई केली, जादा टॅग काढून टाकले. सगळ्या खोल्यांना आता एकच इमेज. हसून म्हणाले. मी तशीच वर पळाले. मोबाईल खाली कप्प्यात, वर न्यायची बंदी आहे ना; ही वही तेवढी हातात होती.

आत्या पलंगावरून खाली पडली होती. ओठ निळे. छातीवर हात. जिवंत आहे.

म्हणाली, चिमणे, केव्हाची हाका मारतेय. तू म्हणत होतीस आलेच. म्हटलं येईल. कामात असेल पोर.

दार माझ्यामागे लागलं. आतलं बटण बंद.

बेल दाबली. माझा आवाज आला. पुन्हा दाबली. पुन्हा.

—

डबा उपटून काढायला पाहिलं. नखं गेली. खिडकीला जाळी. खाली रस्त्यावर माणसं जाताहेत, वर कुणी बघत नाही. ओरडून घसा बसला. दाराला आणि कॉरिडॉरकडच्या भिंतीला आतून जाड अस्तर आहे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

जेवणाची गाडी संध्याकाळी येईल. आता ऊन आहे. अजून ऊन आहे.

आत्याचं डोकं मांडीवर घेतलंय. ती मला म्हणते, रडू नको, येतील. तूच सांगतेयस ना, येतील म्हणून. डब्याकडे बोट दाखवते. हसते.

—

श्वास मध्येच थांबतो. मग येतो. मी मोजत नाही.

पलीकडच्या भिंतीवर कुणीतरी ठोकतंय. तिकडेही—

—

सिस्टर! दाराच्या गोल काचेपलीकडे सिस्टर. मी वहीचं पान फाडलं, मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, दार उघडा आत्या मरतेय, काचेवर धरलं.

वाचलं तिने. ओठ हलवत सगळं वाचलं. आत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बराच वेळ माझ्याकडे. नुसता हात बाहेरच्या कडीवर ठेवायचा होता.

तिने कॉरिडॉरमध्ये मागे वळून पाहिलं. आणि काचेवरचा पडदा, बाहेरचा, हळूच, सुरकुती राहू नये तसा नीट—

आत्या, ऐक, मी आहे ना, ही मी खरी, डब्यातली नव्हे, माझ्याकडे बघ, आत्या इकडे बघ, तिकडे नको, मी इथे—