दोन ट्रॉम्बोनची एक पिशवी

३ डिसेंबर

पोचा पडला! शोएबच्या ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला, बरोब्बर मधोमध. आता पुढं सरकवली की तिथंच अडकते.

वाईला परण्या, म्हणजे नवरदेवाची देवळापर्यंतची मिरवणूक, वाजवून परत सांगलीला येत होतो. एसटीत गर्दी. दोन्ही ट्रॉम्बोन जुन्या चादरीत गुंडाळून शोएबच्या मांडीवर दिले, मी दोन सीट मागं. कराडच्या अलीकडं ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि खण्णकन आवाज! मी तिथनंच ओरडलो, "झोपला होतास काय रं?" तर म्हणतो, "एवढं काय त्यात, भाई."

एवढं काय त्यात! सत्तावीस वर्षं आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या शेजारी उभं राहून वाजवतोय. मी पहिला, तो दुसरा. अब्बांनी दोघांना एकाच अंगणात शिकवलं. अब्बा असते तर त्याचा कान पिळला असता, चव्वेचाळीस वर्षांचा असला तरी. वर कंडक्टर मला शहाणपणा शिकवतो, "आवं, ही तोफ घेऊन गाडीत कशाला चढता?" तोफ म्हणे! मागच्या लग्नात एका वऱ्हाड्यानं पिपाणी म्हटलं होतं. लोकांना नाव घ्यायला काय होतं?

ती चादर जरिनाला फडकी करायला देऊन टाकली. तिनं विचारलं, "माझी चादर मलाच देताय?" बायको पण आजच बोलायची होती.


४ डिसेंबर

पिशवी घ्यायची. चांगली, जाड, पाठीवर अडकवायची. दोघांत एक.


६ डिसेंबर

जरिनाच्या मोबाईलवर बघून बघून डोळे दुखले. एका ट्रॉम्बोनच्या पिशव्या ढीगभर. दोघांची एक शोधायला गेलं की गिटारच्या दाखवतो! एक सापडली तर तिच्यात दोन्ही भोंगे खालच्या बाजूला. म्हणजे खाली ही फुगलेली आणि वर चिंचोळी. एसटीच्या दारातनं आत जायची कशी ती? आणि भोंग्यावर भोंगा घासणार तो वेगळाच.

खरं म्हणजे एकाचा भोंगा वर, दुसऱ्याचा खाली पाहिजे. लहानपणी मी आणि शोएब एका बाजेवर असेच झोपायचो, माझ्या तोंडाशी त्याचे पाय. नळ्यांना दोन वेगळे कप्पे, मध्ये जाड फोम. हे मी कागदावर काढून शोएबला दाखवलं. त्यानं धड बघितलंसुद्धा नाही. चहात बुडवून बुडवून खारी खात होता म्हाताऱ्यासारखी. "दोन वेगळ्या घे की भाई, ज्याची त्यानं न्यावी."

ज्याची त्यानं! माझं डोकंच फिरलं. कागद फाडला. नंतर परत काढला.


८ डिसेंबर

आज वीरधवलनं कहर केला.

त्याचे वडील बँड चालवायचे तेव्हा आम्हाला आधी जेवायला बसवायचे. हा पोरगा मालक झाला आणि बँडच्या पुढं स्पीकरची गाडी आली. त्यावर एक कीबोर्डवाला बसतो, दिवे लुकलुकतात आणि मागं आम्ही चालतो. आज मोबाईलवर बोट फिरवत, मान वर न करता म्हणाला, "इलियासभाई, पुढच्या मोसमाला ट्रॉम्बोन एकच ठेवू. दुसऱ्याच्या जागी अजून दोन बॉक्स बसवतो."

मी विचारलं, "एक म्हणजे कुठला?"

"तुमचं तुमी ठरवा की."

भाजी निवडायला सांगितल्यासारखं! सगळ्यांच्या समोर त्याला सांगितलं, "आमची जोडी हाय. येऊ तर दोघं येऊ, न्हाईतर एकबी न्हाई." शोएब शेजारीच उभा. तोंडातनं एक शब्द काढील तर शपथ!

शेवटी वीरधवल म्हणाला, "बावीस तारखेला साताऱ्यात मोठा परण्या हाय. तिथं बघतो जोडी कशी वाजती, मग बोलू."

बघ म्हणावं. आता पिशवी एकच पाहिजे, दोघांची. एकाला बोलावशील तर दोन ट्रॉम्बोन येतील!


११ डिसेंबर

ऑनलाइनचा नाद सोडला. माधवनगरात आकाराम म्हणून म्हातारा आहे, पूर्वी गिरणीत होता, आता गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. शिलाई त्याचीच, उसवायची बात नाही.

मला नळी सरळ करायला मिरजेला जायचं होतं. म्हणून माप द्यायला शोएबला पाठवलं. माझा ट्रॉम्बोन दिला, त्याचा उरलेला भोंगा दिला, कागद दिला. तीनदा बजावलं, "डबल सांग. डबल!"

नळी झाली. ठणठणीत. मिरजेच्या त्या कारागिराचे हात धुऊन पाणी प्यावं.


१६ डिसेंबर

डबल!!!

पिशवी आणायला गेलो. चेन उघडली. आत जागा एकाची. एकाची! मी म्हटलं, "आकारामतात्या, हे काय?" म्हातारा तोंडभर हसला. "आवं, डबलच हाय की. डबल अस्तर, डबल फोम, डबल शिलाई. हात घालून बघा, गादी हाय गादी!"

सीट कव्हरवाल्याला डबल म्हणजे थर. हे कुणाच्या बापाला सुचणार? मी भडकलो. दुकानाबाहेर चार माणसं जमली. मी कागद कुठाय विचारलं, अक्कल कुठाय विचारलं, नाही नाही ते बोललो. त्यानं पिशवीची चेन लावली. मग चष्मा काढून म्हणाला, "माज्यावर कशापायी तोंड टाकताय? कागद त्यांनी दाखवलाच न्हाई. दुसरं माप घिऊ का म्हनून मी इचारलं व्हतं तुमच्या भावाला. ते म्हनलं, एकाचंच करा. भाईचंच."

खोटं बोलतोय म्हातारा. स्वतःची चूक शोएबवर ढकलतोय.

घरी आलो तर शोएब घरात नाही.


१७ डिसेंबर

म्हातारा खरं बोलत होता.

सकाळी अंगणात शोएबला धरलं. "एकाचंच करा म्हणालास?" त्यानं वरचा ओठ बोटानं उचलला आणि समोरच्या दाताला हात लावला. दात हलला. त्याच्या शेजारचाही. हिरड्या गेल्यात. डॉक्टरनं सांगितलंय, फुंकशील तर दोन्ही पडतील.

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं. तवापासनं मी फुंकतच न्हाई, भाई. नुसता हात हलवतो. तुझा बघून."

दोन महिने! किती परण्या वाजवले त्यात, देव जाणे. हा माझ्या कोपराला कोपर लावून उभा होता, मुका. आणि मला कळलं नाही! मला, ज्याला पाव सूर घसरला तरी झोप येत नाही!

मी ओरडलो, "दात हलतायत हे सांगायला तुझी जीभ हलत नव्हती काय?"

तो म्हणाला, "मला वाटलं पहिल्याच दिवशी तुला कळंल. मी वाट बघत होतो."

ते ऐकून मी आत निघून आलो. थाळी भिंतीवर फेकली. माझीच.


१८ डिसेंबर

बोलणं बंद. जरिना म्हणते, "तुमच्या रागाला भिऊन सांगितलं नसंल." राग? कुठाय राग मला?


१९ डिसेंबर

आकारामतात्यांची माफी मागितली. जमलं नाही नीट, पण मागितली. त्यांनी एक बाजू उसवून दुसरा कप्पा जोडायला घेतलाय. एक भोंगा वर, एक खाली. आता मापाला दोन्ही ट्रॉम्बोन मीच नेले.

शोएबला सांगितलं, "बावीसला यायचं. फुंकू नकोस. मी दोघांचं फुंकतो."

"ही लबाडी हाय, भाई."

"असू दे. तू माझ्या शेजारी उभा राहा."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अजून राग आला.


२१ डिसेंबर

पिशवी झाली. दोन्ही मावले, हलवून बघितलं, आवाज नाही. पाठीवर घेतली तर मी मागनं कपाटासारखा दिसतो म्हणे. शोएब हसला. ओठ मिटून.


२२ डिसेंबर

साताऱ्याचा परण्या झाला. पहिल्या गाण्याला मी छाती फुटेस्तोवर दोघांचं फुंकलं, पण पुढच्या स्पीकरात माझा सूर मलाच ऐकू येईना. दुसऱ्या गाण्यापासनं ओठ लावले, गाल फुगवले, नळी सरकवली आणि हवा सोडली नाही. पार देवळापर्यंत. शोएब तेवढा वळून वळून माझ्याकडं बघत होता. दुसरं कुणीच बघितलं नाही.

गाडीत बसताना वीरधवल माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "इलियासभाई, जोडी राहू दे. आज लय भारी वाजली."