रेवांशी

आई, आज घरी बारसं झालं. तुझ्या नातवाला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगी झाली. जेवणं उरकून माणसं पांगलीत, पाळण्याची फुलं अजून तशीच आहेत. तू जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र कुठे पाठवणार म्हणा. पण तुला दिलेला शब्द मी आज चारचौघांत मोडला आणि ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

नाव सुनेने ठरवलं होतं. पंचांगात र अक्षर आलं, तिने मोबाइलवर याद्या बघितल्या आणि रेवांशी निवडलं. हल्ली अशीच जोडनावं ठेवतात, देवांशी, दिव्यांशी, जी ती कुणाचा तरी अंश. मागच्या आठवड्यात ती मला समजावत होती, रेवा म्हणजे नर्मदा आणि रेवांशी म्हणजे जिच्यात तिचा अंश आहे ती. मी भांडी पुसत होते. पुसलेलीच वाटी मी परत परत पुसत राहिले. तिला बिचारीला काय माहीत? या घरात ते नाव कुणी उच्चारलेलंच नव्हतं.

माझ्या लग्नाचा दिवस आठवतो. मांडवात तांदळाची परात आणून ठेवलीय, नवरा सोन्याच्या अंगठीने तांदळात माझं नवीन नाव लिहिणार आहे, आणि मी मागच्या पडवीत तुझ्यावर डाफरतेय की माझं नाव मला आवडतं, मी बदलून घेणार नाही. तू माझा दंड धरतेस. जन्मभर मासळीच्या टोपल्या उचलून तुझा हात लाकडासारखा झालेला. ‘गप रव. नाव बदलल्यान कोण मरणा नाय.’ मी म्हणते, ‘तुजा खंय बदलला?’ तू दाराकडे बघून घेतेस. ‘माजा नाव रेवा होता,’ म्हणतेस. तुझे वडील गलबतावर खलाशी, नारळ भरून गुजरातेत भरूचपर्यंत जायचे. तिथे नर्मदा समुद्राला मिळते, तिचा पलीकडचा काठ दिसत नाही, हे बघून ते परत आले आणि नुकत्याच जन्मलेल्या तुला त्यांनी त्या नदीचं नाव दिलं. आपल्या किनाऱ्यावर दुसरी रेवा नव्हती. तुझ्या सासूला ते परमुलखातलं नाव नको होतं, म्हणून तिने परातीत लक्ष्मी लिहून घेतलं. ‘कोणाक सांगा नको, लोक हसतले,’ म्हणालीस, माझ्याकडून तसा शब्द घेतलास आणि मला मांडवात ढकललंस. मी गेले आणि दुसरं नाव घेऊन उठले.

एवढं भोगून मी शहाणं व्हायला हवं होतं, नाही का? आठ वर्षांपूर्वी सून आली तेव्हा तांदूळ मीच पसरले आणि नावही मीच निवडलं. ती तेव्हा मान खाली घालून बसली होती. तुझं बदललं, माझं बदललं, मग तिचंच का राहावं, असं वाटलं मला. रीत वगैरे काही नाही, आई, तो हेवा होता. माहेरचे तिला लाडाने नुसतं बाय म्हणतात आणि आम्ही परातीतल्या नावाने हाक मारतो.

आज माझी लेक आत्या म्हणून बाळाच्या कानाशी वाकली आणि वन्सं म्हणाल्या, ‘थांब गो.’ वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांच्या शब्दापुढे घरात कुणी जात नाही. ‘रेवांशी? ह्या कसला नाव? माज्या जिभेर बसणा नाय.’ मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, ‘तुज्या आवशीचा नाव ठेवया. लक्ष्मी. तिका बरा वाटात.’ बायकांनी माना डोलावल्या. मुलगाही म्हणाला, आजीचं नाव, छानच की. सुनेचा हात पाळण्याच्या दोरीवर होता. ती फक्त माझ्याकडे बघत होती. तिच्या बाजूने मी बोलेन, अशी तिला आशा होती असं मला नाही वाटत.

‘वन्सं, लक्ष्मी माज्या आवशीचा नाव न्हय,’ मी म्हटलं. ‘ता सासरच्यांनी घातलेला. तिचा नाव रेवा.’

‘सुनेसाठी खोटा बोलतंस,’ वन्सं म्हणाल्या. माझा आवाज चढला. गलबत, भरूच, तुझी सासू, सगळं मी सांगून टाकलं, आणि रडले पण. कुणी हसलं नाही, आई. वन्सं उठून ओटीवर जाऊन बसल्या, जेवल्याही नाहीत. लेकीने बाळाच्या कानात रेवांशी म्हटलं.

नंतर सून स्वयंपाकघरात आली. मला वाटलं, पाया पडेल, गळ्यात पडेल. ती उरलेला भात काढत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, ‘आई, माजा लग्नाआदला नाव याद आसा तुमका?’

‘आसा तर,’ मी म्हटलं.

हातातला डाव तसाच धरून ती थांबली, मी आता सांगेन म्हणून. मग बाळ रडलं आणि ती गेली.

मला आठवलं नव्हतं, आई. अजूनही आठवत नाही.