यांनी बांधलेलं मेंटल

३ जून १९९९
गावात पुन्हा वीज नाही. गावातली दगडाबाई निवडायच्या धान्याचं सूप घेऊन आमच्या मळ्यात हजर! “खांब आमच्या दारात अन् उजेड तुमच्या घरात. लय थाट हाय बाई तुमचा.”

आहेच थाट. मळ्यात वीज येईना म्हणून यांनी सुट्टीत गोबरगॅस बांधला. दोन म्हशींचं शेण कालवलं की शेगडीही पेटते, दिवाही. स्वयंपाकघरात शिरताच तुळईला दिवा — माझ्या हाताला येईल इतका खाली टांगलेला. स्वतःचं डोकं दोनदा आपटलं, तरी वर घेतला नाही. “लावायचा तुला हाय. मी काय, वाकंन.”

११ जून
पत्र नाही. रेडिओवर नुसती लढाई.

१९ जून
दिव्यातली जाळी, मेंटल — एकदा पेटवली की राखेची होते, अन् तीच राख रोज उजळते. धक्का लागला की चुरा! लोकांची महिनाभरही टिकत नाहीत. हे मात्र यांनी एप्रिलात, फौजेत परत निघायच्या दिवशी बांधलेलं. अजून शाबूत आहे.

मी मनाशी धरून बसले आहे — मेंटल आहे तोवर माणूस आहे. कुणाला सांगितलं तर हसतील. कडेगावहून नवं आणून डब्यात ठेवलंय, पण तो डबा उघडायचा नाही.

२ जुलै
झड लागलीय. गारठ्याने गॅस धरेना. आत्याबाई म्हणाल्या, “च्या करायचा का दिवा लावायचा, एक ठरीव.” मी म्हटलं, दिवा.

त्यांनी चुलीत ओल्या शेणी घातल्या. धुराने दोघींचे डोळे गळत होते. दोघींनी धुरालाच नावं ठेवली.

१४ जुलै
मळ्यात खांब आले! मामंजी सकाळपासून पटका बांधून तयार. वायरमन शिडी घेऊन थेट आत. “ह्यो काढतो, हितंच बल्ब लावू.”

“हात लावू नका!” — मी ओरडलेच. मामंजींच्या समोर! पदरसुद्धा डोक्यावर नव्हता.

मामंजी खाली बघत म्हणाले, “ऱ्हाऊ द्या त्यो. नाथाजीनं लावलाय. बल्ब भाईर सोप्यात लावा.” म्हणजे त्यांनाही कळत होतं तर.

२० जुलै
सोप्यात बल्ब. लख्ख आहे. मी आतच बसते.

५ ऑगस्ट
लढाई थांबली म्हणतात. मग पत्र का नाही? आत्याबाईंनी पोस्टमनला लेकाच्या पत्राचं विचारायचं सोडलं. शेजारच्या मळ्यातला बिराप्पा बघून गेला — “येतंय गं, डाक तुंबली आसंल.” जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

मेंटलला बारीक चीर गेली आहे. दार हळू लोटते. दिवा लावताना श्वास धरते. यांची फार आठवण येते. भाकरी मोडताना करायचे तो आवाज, पाठीवरचा हात, सगळं. लिहिताना लाज वाटते, पण वही कुणाला दाखवायची आहे?

१७ ऑगस्ट
मेंटल फुटलं.

भर दुपारी. भाकरीचं पीठ मळत होते, दाराकडे पाठ. दिव्याची काच खणाणली, राख माझ्या परातीत. वळायच्या आधीच कळलं — या घरात त्या दिव्यावर डोकं आपटेल एवढं उंच दुसरं कोणीच नाही.