डाव्या हाताचा ब्रश

सातपूर, नाशिक
९ जून २०२४

ती. सिंधुआत्यास,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं झालंय असं तू लिहिलंस, पण मला सगळं लागलं. फक्त तुझा 'थ' आणि 'य' जुळ्या बहिणींसारखे दिसतात, तेवढं बघ. फोनवर शब्द तुझ्या जिभेवर अडकतात, मग तू चिडून फोन ठेवून देतेस, त्यापेक्षा हे पत्रांचं बरं. फिजिओने डाव्या हाताने रोज लिही म्हणून सांगितलंच आहे, तर ते लिहिणं माझ्या वाट्याला येऊ दे.

दीपकदादा रविवारी येऊन गेला. तुला झटका आल्यापासून त्याचा एकच हेका चालू आहे. आत्याचा उजवा हात गेला, बाईमाणूस देवळ्यात एकटी कशी राहणार, पावसाळा सरला की पिंपळगावला घेऊन येतो, मनीषावहिनीने खोलीही लावून ठेवलीय. मी म्हटलं, ती स्वयंपाक करते, बाजारातून भाजी आणते, स्वतःचं सगळं स्वतः आवरते, मग अडतं कुठे? तर म्हणाला, संडास-न्हाणी कोण घासणार? बाई लावली तर आत्या तिला दारातूनच वाटेला लावते.

म्हणजे तुझं घर एका ब्रशवर अडलंय. आणि बादल्या, मग, ब्रश यांची डिझाइनं काढणं हीच तर माझी नोकरी! सोबत एसटीच्या पार्सलने एक नमुना पाठवतेय. दांडा एकच आहे, त्याला मनगटात अडकवायचा पट्टा आहे, म्हणजे मूठ थकली तरी ब्रश हातून पडणार नाही. ब्रशाची डोकी तीन: फरशीला चपटं, संडासाला गोल, नळाच्या कोपऱ्यांना निमुळतं. अंगठ्याखालचं बटण दाबलं की डोकं सुटतं. वापरून बघ आणि खरं काय ते लिही. कौतुक नको.

राग-लोभ दोन्ही असू दे.
तुझी
उज्वला


देवळा
२१ जून २०२४

चि. उज्वला हिस,
अनेक आशीर्वाद.

कौतुक नको म्हणालीस ते बरं केलंस, कारण करण्यासारखं फार नाही.

पट्टा चांगला आहे. दांड्याची लांबी चांगली आहे, वाकावं लागत नाही. पण बटण दाबल्यावर डोकं नुसतं सैल होतं, ओढून काढायला दुसरा हात लागतो. तो दुसरा हात तू पार्सलात घालायला विसरलीस. मी डोकं गुडघ्यांत धरलं, तर ओलं असल्यामुळे सटकलं. दातांत धरणार होते, तेवढ्यात ते कुठून फिरून आलंय हे आठवलं.

शेजारची कुसाबाई बघायला आली होती. हाई काय शे, म्हणून तिने ब्रश हातात घेतला, दोन्ही हातांनी डोकं पटकन बदललं आणि किती सोपं शे म्हणाली. मी तिला चहा दिला नाही.

दीपकला वाटतं मी हट्टाने बाई ठेवत नाही. तू तरी समजून घे. शाळेत खेळ शिकवत होते तेव्हा जन्मभर पोरींना हेच सांगितलं, की मैदान ज्यांनी वापरलं त्यांनीच झाडून जायचं. मुख्याध्यापक म्हणायचे शिपाई कशाला आहे, तरी मी पोरींच्या हातात झाडू दिला आणि स्वतःही घेतला. आता माझी घाण दुसरीने काढायची आणि मी खुर्चीवर बसून बघायचं? ते जमणार नाही. हात गेलाय, मी नाही गेले.

नवीन नमुना पाठव. हा वाईट आहे.

तुझी
डावखुरी आत्या


सातपूर, नाशिक
१४ जुलै २०२४

ती. आत्यास,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग लाज वाटली. मी तो ब्रश माझ्या दोन हातांनी तपासला होता. आता उजवा हात ओढणीने कमरेला बांधून काम करते. परवा वॉचमनने काय लागलं म्हणून विचारलं.

दुसरा नमुना पाठवतेय. यात बटण नाही, आटे आहेत. डोकं पायाखाली दाबून दांडा फिरवायचा, की ते निघतं. आमच्या गल्लीत नईमभाईंचं साचे बनवायचं वर्कशॉप आहे, रविवारी त्यांच्याकडे बसून मी हे करते. ते कमी बोलतात, पण तुझी पत्रं वाचून दाखवली की हसतात. पुढचं पत्र कधी येणार म्हणून विचारत होते.

एक नमुना कंपनीत साहेबांनाही दाखवला. पट्टा आणि दांडा त्यांना फार आवडला. पण डोकं कायमचं चिकटवून टाक म्हणाले. नुसतं डोकं बदलता आलं तर लोक नवा ब्रश कशाला घेतील, असा त्यांचा हिशोब. मी म्हटलं, डोकं बदलत नसेल तर ज्यांच्यासाठी केलाय त्यांना तीन ब्रश हाताळत बसावं लागेल. तर म्हणाले, अशी एका हाताची माणसं असून असून किती असणार? तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

जपून वापर.
तुझी
उज्वला


पिंपळगाव बसवंत
६ ऑगस्ट २०२४

चि. उज्वला हिस,
आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. दत्तू टेम्पो घेऊन सातपूरला येतोय, त्याच्या हाती देतो.

आत्याने तुला कळवलं नसणार. शुक्रवारी ती न्हाणीत पडली. तुझ्या ब्रशाचं डोकं घासता घासता सुटलं, तोल गेला आणि ती भिंतीवर आपटली. कुसाबाईने आवाज ऐकला म्हणून बरं. हाड मोडलेलं नाही, खांदा काळानिळा झालाय. मी गेलो तर मला म्हणते कशी, तू का आलास, कोणी मेलंय का?

तुझी हौस मी समजू शकतो, पण आत्या म्हणजे तुझ्या कंपनीची टेस्टिंग लॅब नाही. दसरा झाला की मी टेम्पो घेऊन जाणार आणि तिला इकडे आणणार. तू मध्ये पडू नकोस. नवीन काही पाठवूही नकोस.

मनीषा तुला विचारते आहे. तिच्याशी तरी बोल.

दीपक


देवळा
१७ ऑगस्ट २०२४

चि. उज्वला हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं माफी मागणारं पत्र मिळालं. त्यात ब्रशाबद्दल एक ओळ नव्हती, म्हणून मी ते ठेवून दिलं.

हो, पडले. उठलेसुद्धा. घासताना दांडा जसा फिरतो तसे तुझे आटे ढिले होत जातात, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं. ती तुझी चूक आहे, ती दुरुस्त कर. पण आता हे बंद करते असं परत लिहिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तसंही मला कुठे धड बोलता येतं!

खांदा दुखत होता तरी दुसऱ्या दिवशी उरलेली फरशी घासली. अर्धी स्वच्छ आणि अर्धी शेवाळलेली, ते बघवेना. तेव्हा एक गंमत झाली. डोकं पायाखाली धरायचा धीर होईना, म्हणून मोरीच्या कोपऱ्यात, पाइप आणि भिंतीच्या मधल्या फटीत ते अडकवलं आणि दांडा फिरवला. पाइपाने असं घट्ट धरून ठेवलं की विचारू नकोस. दांडा मोकळा झाला, डोकं तिथेच राहिलं. दुसरं डोकंही तसंच बसवलं. मला कोणाच्या हाताची गरज पडली नाही. यावरून तुला काही सुचतं का बघ, तू शिकलेली आहेस.

दीपकवर चिडू नकोस. तो घाबरलाय. लहानपणी पोहायला नेलं तरी असाच घाबरायचा, आणि घाबरला की मोठ्याने ओरडायचा.

तुझी
(पडलेली, उठलेली) आत्या


सातपूर, नाशिक
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

सुचलं आत्या! तुझं पत्र घेऊन तशीच नईमभाईंकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, मग भिंतीलाच एक हात बसवून देऊ.

सोबतच्या पार्सलात एक पट्टी आहे, ती न्हाणीच्या भिंतीवर कंबरेइतक्या उंचीवर ठोकून घे. तिला तीन खोबणी आहेत. डोकी तिथेच बसून राहतात, पाणीही निथळतं. दांडा वरून दाबायचा आणि थोडा फिरवायचा, की खट्‌ आवाज होऊन डोकं लागतं. काढायचं असेल तर डोकं खोबणीत ठेवून दांडा उलटा फिरवायचा. खोबणीत असल्याशिवाय ते सुटतच नाही. फरशीवर कितीही जोर लाव, आपट, फिरव. मी हात बांधून आठवडाभर आपटलंय. डाव्या हाताला सोपी पडते तीच दिशा ठेवलीय, आणि उजव्या हातासाठी वेगळी पट्टी करणार आहोत.

आता दुसरी बातमी. ही दादाला अजून सांगितलेली नाही. साहेबांना या पट्टीचं कळलं. त्यांनी एक कागद पुढे केला, की हे डिझाइन कंपनीचं आहे अशी सही कर. मी म्हटलं, हे माझ्या रविवारचं आहे, माझ्या गल्लीतलं आहे, यात कंपनीचा खिळासुद्धा नाही. ते म्हणाले, सही कर नाहीतर घरी जा. मी विचारलं, सही केली तर डोकं सुटं ठेवाल का? ते हसले. मग मी घरी आले.

भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. पण त्या हसण्यावर सही केली असती तर तुला तोंड कसं दाखवलं असतं? नईमभाई म्हणाले, साचा मी बनवतो, बाकीचं तू बघ, धंदा दोघांचा. खोक्यावर 'ज्येष्ठ व दिव्यांगांसाठी' असं छापावं असं दुकानदार सुचवतात. तुला काय वाटतं?

पाठीवर हात असू दे, डावा चालेल.
तुझी
उज्वला


पिंपळगाव बसवंत
२० ऑक्टोबर २०२४

चि. उज्वला हिस,
आशीर्वाद.

तुला कळलंच असेल, पण माझ्या तोंडूनही ऐक.

आम्ही काल देवळ्याला गेलो. मी, दत्तू आणि टेम्पो. येताना आत्याला लागेल म्हणून चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची असं सगळं आधीच विकत घेतलं होतं, ते बरोबर होतं. आत्याने चहा दिला. मी म्हटलं, चल, सामान काढू. तिने हाताने बस अशी खूण केली आणि आत गेली. मला वाटलं कपडे भरतेय. तर न्हाणीतून घासण्याचा आवाज! मी धावत गेलो, पुन्हा पडली तर धरायला दारात उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

बाहेर उभा राहून मी नुसता ऐकत होतो. घासायची, मग खट्‌ वाजायचं, मग वेगळा आवाज, पुन्हा खट्‌. दत्तूने विचारलं, आत कोण मिस्त्री आहे का? बऱ्याच वेळाने दार उघडलं. पदर खोचलेला, कपाळावर पाणी, वाकड्या तोंडाने हसत होती. आत बघितलं. आपल्या घरची न्हाणी एवढी स्वच्छ नाही, हे मनीषाला सांगू नकोस.

मग तिने दत्तूला खुणा करून दोन्ही खुर्च्या परत टेम्पोत चढवायला लावल्या. टेम्पो रिकामा जायला नको, असं काहीतरी म्हणाली. मला तिचं बोलणं पहिल्यांदाच नीट समजलं.

मी हरलो असं समजू नकोस. खोली तशीच ठेवली आहे. बाबा गेल्यावर आपल्याला मोठं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलंय, मला भीती वाटते, एवढंच. तुझ्या नोकरीचंही तिनेच लिहून दाखवलं. आधी ओरडणार होतो. मग म्हटलं, या घरातल्या बायकांवर ओरडून आजवर काय मिळालं?

पैशाची अडचण आली तर आधी मला सांग.

दीपक


देवळा
१० नोव्हेंबर २०२४

चि. उज्वला हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू आलीस, पण नईमभाईंच्या साच्याच्या घाईत लगेच पळालीस. बोलायचं ते राहिलं, ते लिहिते.

तुझी नोकरी माझ्यामुळे गेली असं मी कधी म्हणणार नाही. तो तुझा अपमान होईल. तू ती स्वतः सोडलीस.

इथल्या बाजारात तुझ्या साहेबाचा ब्रश आलाय. पट्टा आपला, दांडा आपला, डोकं चिकटवलेलं. दुकानदार मला म्हणाला, मॅडम, तुमच्यासाठी एकदम बेस्ट. मी ब्रश उलटा करून त्याला दाखवला आणि डोकं ओढून बघ म्हणून खूण केली. त्याने ओढलं, निघेना. मग मी पिशवीतून आपला काढला. त्याने तुझा नंबर लिहून घेतलाय. फोन आला तर उचल, दीपकचा समजून टाळू नकोस. त्या साहेबाशी भांडत बसू नकोस, त्याच्यापेक्षा चांगला ब्रश करत राहा.

खोक्यावर 'दिव्यांगांसाठी' छापू नकोस. 'ज्येष्ठ' तर अजिबात नको. कुसाबाईचे दोन्ही हात धडधाकट आहेत, तरी तू दिवाळीला आणलेला माझा दुसरा ब्रश तिने नेला, तो परत देत नाही. खोक्यावर 'ब्रश' एवढंच लिही. ज्याचं घर त्याने घासावं.

आणि एक. परवा माझी जुनी विद्यार्थिनी घरी आली, ती आता शाळेत खेळ शिकवते. तालुक्याच्या मुलींच्या कबड्डीला पंच कमी पडतायत, मॅडम याल का, असं जरा भीत भीतच विचारलं तिने. ती गेल्यावर कपाटातून शिट्टी काढली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. ओठ वाकडे पडलेत ना. मग डाव्या कोपऱ्यात धरून फुंकली, तर अख्ख्या गल्लीतली कुत्री उठली आणि कुसाबाई हातात माझा ब्रश घेऊन धावत आली.

बाद आहे हे दाखवायला एक हात पुरतो. मी हो कळवलंय. सामने शनिवारी आहेत. दीपकला सांग, टेम्पो आणायचाच असेल तर मनीषाला आणि तुला बसवून आण, आणि मैदानाच्या बाहेर उभा कर.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.
तुझी
सिंधुआत्या, पंच