देविदासचा नवा आवाज

मंगळवार, संध्याकाळ. पुसद

आज शांतावहिनींना माझ्या रेकॉर्डिंगच्या दुकानात बोलवायलाच नको होतं.

देविदासची सगळी भीमगीतं मीच कॅसेटवर काढली. तो गेला, कॅसेटींचा जमानाही गेला. आता दुकानाच्या यूट्यूब चॅनलसाठी म्हणून जुन्या रेकॉर्डिंगवरून कंप्युटरकडून त्याच्या आवाजात नवं गाणं करून घेतलं. त्याची बायको म्हणून वहिनींची परवानगी हवी होती, एवढंच. पण मी काही सांगायच्या आत त्यांनी हेडफोन लावला. गाणं संपलं तेव्हा डोळे भरलेले.

"भाऊ, हे कधी म्हटलं यायनं? दम कुठंच लागला नाही. दम्याच्या आधीचं असन."

दम लागेल कसा? श्वासच नाही त्यात. "हो, जुनं आहे," मी म्हणालो. का म्हणालो? त्या जायला उठल्या तेव्हा मात्र राहवलं नाही, खरं सांगून टाकलं.

रागावल्या नाहीत. पुन्हा खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मंग त्यायले एकदा 'शांता' म्हणायले लावा. जिते होते तवा कधी नावानं बोलावलं नाही मले."

त्या गेल्यावर गाणं पुसलं. पण त्याच्या आवाजात 'शांता' एवढं तयार केलं, ऐकलं. देविदासनं वहिनींना अशीच हाक मारली असती का? कोणाला विचारू?